घड्याळ आणि झोपाळा

जर्मनीत मी तीन महिने राहून आलो ते २०१९ साली. गावात अजून कुणी ना कुणी विचारतं, "गुरुजी, तिकडं काय बघितलं?" रस्ते, गाड्या, थंडी सांगितली की त्यांचं भागतं. तिकडून मी एक शब्द घेऊन आलो, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. शब्द घेऊन येणारा माणूस म्हणजे रिकाम्या हातानंच आला की! पण तो शब्द पायात काटा मोडून बसावा तसा बसला आहे. चालताना जाणवत नाही, पाय टेकला की कळतो.

मुलगा तिकडं एका कारखान्यात इंजिनिअर आहे. श्टुटगार्टपासून तासाभराच्या अंतरावर, नेकार नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात तो राहतो. सूनबाई पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेली. दोघं वरच्या मजल्यावर भाड्यानं, खाली घरमालकीण. म्हातारी पंच्याऐंशीची, एकटी. नातू तिला 'ओमा' म्हणायचा. ओमा म्हणजे आजी. मग आम्हीही ओमाच म्हणायला लागलो. व्हिसा नव्वद दिवसांचा होता. सप्टेंबरात गेलो, डिसेंबरात परत आलो.

पहिल्याच आठवड्यात ओमानं आम्हाला चहापाण्याला बोलावलं. तिच्या बैठकीच्या खोलीत एक मोठी चूल होती, भिंतीसारखी, वरून हिरव्या फरशा बसवलेली. आत लाकूड जळत होतं, पण धूर नाही, जाळ दिसत नाही. नुसती फरशी गरम. चुलीला लागून कोपऱ्यात लाकडी बाक, त्यावर शिवलेल्या गाद्या. टेबलावर आलुबुखाराचा केक आणि कॉफी. खिडकीबाहेर पाऊस, आणि भिंतीवर एक जुनं घड्याळ टिकटिकत होतं. बोलायला भाषा नव्हती, म्हणून सगळेच थोडे गप्प होतो. पण ते गप्प राहणं अवघड वाटत नव्हतं. ओमानं बाकावर थाप मारून हिला जवळ बसवलं आणि खोलीभर हात फिरवून एक शब्द उच्चारला.

"गेम्यूटलिश!"

सूनबाईनं सांगायचा प्रयत्न केला. "म्हणजे अण्णा, आरामशीर... म्हणजे नुसतं आरामशीर नाही. उबदार. म्हणजे आपली माणसं आहेत, घाई नाही, बाहेर पाऊस आहे नि आपण आत आहोत..." तिनं हात टेकले. "याला मराठीत शब्दच नाही." त्या विशेषणावरून नाम होतं, गेम्यूटलिशकाइट. माझ्या जिभेला तो काही वळला नाही. ही त्याला 'गमतीलिश' म्हणायची, आणि गंमत म्हणजे ओमाला ते कळायचं.

मराठीत शब्दच नाही, हे मास्तर माणसाला सहन होत नाही. रात्री पडल्या पडल्या मी शब्द जुळवत बसलो. निवांत म्हणावं, तर निवांत माणूस एकटाही असतो. इथं चार माणसं लागतात. स्वस्थ म्हणावं, तर स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला. हे तर एकमेकांत स्थिर असणं. समाधान जवळचा वाटला, पण समाधान उन्हात राबतानाही असतं. याला छप्पर लागतं, ऊब लागते, खायला काही लागतं, बसायला चांगलं काही लागतं. 'सुखवस्तू' हा शब्द आठवला आणि हसू आलं. आपण खाऊनपिऊन सुखी असलेल्या घराला सुखवस्तू म्हणतो. त्या शब्दात वस्तू ऐकू येतेच. सुख आलं की त्याच्या मागं वस्तू आलीच.

मग एकदम माझा झोपाळा आठवला.

माण तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस बेताचा, माळ भरपूर. आमच्या घराच्या सोप्यात सागवानी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. माझ्या लहानपणी रात्रीची जेवणं उरकली की आबा त्यावर बसून सुपारी कातरायचे. आजी खाली वाकळ पसरून पाय चोळत बसायची. आई भांडी आवरून चौकटीला टेकायची. आम्ही पोरं आबांच्या दोन्ही बाजूंना. कंदील बारीक केलेला. गोठ्यातून बैलांच्या रवंथाचा आवाज, आणि झोपाळ्याची डावी कडी करकर वाजायची. कुणी फारसं बोलत नसे. मला तेव्हा वाटायचं, आता काही नको, हे असंच राहावं. ओमाचा शब्द तो हाच. याला मराठीत शब्द नसेल, पण मराठीत तो झोपाळा होता.

तिकडं राहायला लागल्यावर कळलं, की हा शब्द त्या लोकांनी नुसता तोंडात ठेवलेला नाही, त्याची व्यवस्था लावली आहे. रविवारी दुकानं बंद. नुसती प्रथा म्हणून नाही. रविवार हा कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून जपला जाईल, असं त्यांच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेतल्या १३९ व्या कलमात लिहिलं, आणि १९४९ ला नवी राज्यघटना झाली तेव्हा ते कलम तसंच्या तसं आत घेतलं. रविवारी भिंतीत खिळा ठोकायची चोरी. मी एकदा नातवाची सायकल ठोकायला घेतली तर मुलगा धावत आला, "अण्णा, आज नको, शेजारी येतील." काम संपल्यावरच्या वेळेलाही त्यांच्याकडं नाव आहे, फायराबेंड. म्हणजे सणाची संध्याकाळ. रोजचं काम संपलं की रोज सणाची संध्याकाळ! आमच्याकडं कामाला संध्याकाळच नसते. धार असते, वैरण असते, रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जाणं असतं.

शहरात राहणाऱ्या, मुळा-बटाट्याला पारख्या झालेल्या लोकांसाठी तिथं छोट्या बागा असतात. एकाला एक तुकडा, जास्तीत जास्त चारशे चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे. त्यात चोवीस चौरस मीटरपर्यंत झोपडी बांधता येते, कायमचं राहता येत नाही. १९८३ च्या कायद्यातच हे माप आहे. चार गुंठ्यांत माणसं भाजी लावतात, सफरचंदाखाली खुर्ची टाकून बसतात आणि तृप्त दिसतात. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं चार गुंठ्यांपायी भाऊ भावाचं तोंड बघत नाही.

हे मी मुलाजवळ बोललो, तर तो हसला. "अण्णा, इथंही तसंच आहे. यांच्यात म्हणच आहे, पैशाची गोष्ट निघाली की गेम्यूटलिशकाइट संपते." ही म्हण कुठून आली तेही त्याला ठाऊक होतं. १८४७ साली बर्लिनला प्रशियाची संयुक्त सभा भरली होती. तिथं डाव्हिड हान्सेमान नावाचा ऱ्हाइनकडचा व्यापारी-पुढारी भाषणात असं काहीसं बोलून गेला, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. मला ते पटलं. पण पुरतं कळलं नव्हतं.

सूनबाईनं आणखी एक सांगितलं. या शब्दाला खरा भाव चढला तो एकोणिसाव्या शतकात, १८१५ ते १८४८ च्या काळात. नेपोलियन पडला, जुने राजे परत बसले. १८१९ ला कार्ल्सबाडला हुकूम काढून त्यांनी छापखान्यांवर आणि विद्यापीठांवर पहारा बसवला. बाहेर बोलायची सोय राहिली नाही. मग मध्यमवर्गाची माणसं आत वळली. छान खुर्च्या, पडदे, घरातलं गाणं, कॉफी, कुटुंबाचं चित्र. या काळाला पुढं नाव पडलं बीडरमायर. तेही थट्टेतून. लुडविग आइख्रोट आणि आडोल्फ कुसमाउल या दोघा मित्रांनी एक भाबडा, आपल्यापुरतं बघणारा खेड्यातला शाळामास्तर कल्पून त्याच्या नावानं विनोदी कविता लिहिल्या, त्या १८५५ पासून म्युनिकच्या एका साप्ताहिकात छापून आल्या. त्या मास्तराचं नाव बीडरमायर.

खेड्यातला शाळामास्तर म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो. छत्तीस वर्षं मीही तेच केलं होतं. शाळा, घर, झोपाळा. गावात काही वाईट घडलं की आई म्हणायची, "आपल्याला काय करायचंय, दार लावून घे." आणि मी लावून घ्यायचो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मुलानं आम्हाला बायझिंगनला नेलं. रोटेनबुर्ग शहराला जोडलेलं ते खेडं. तिथं ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनाघर आहे, १७८४ सालचं. त्या भागातल्या खेड्यांत ज्यू कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि त्यांतले बरेचजण गुरांचे व्यापारी होते. हे ऐकून मी चकितच झालो. माझ्या डोक्यात ज्यू म्हणजे शहरातले सावकार, डॉक्टर, आइन्स्टाइन. इथं तर बैलाचे दात बघणारी, शेतकऱ्याशी हातावर हात मारून सौदा करणारी माणसं! म्हसवडच्या बाजारात उभी केली असती तर ओळखूही आली नसती. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंच्या प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, त्यात हेही आतून मोडलं. पुढं ते एका शेतकऱ्याकडं गेलं आणि त्यानं त्याचं कोठार केलं. आता ते स्मारक आहे. मी आत उभा राहिलो. शेतकरी माणूस कोठार ओळखतो. भिंतींकडं बघून मला आधी कडब्याचीच आठवण झाली आणि मग त्या आठवणीची लाज वाटली.

परतताना श्टुटगार्टात फुटपाथवर पितळेचे चौकोनी दगड दाखवले. दहा बाय दहा सेंटिमीटरचे. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंतानं १९९२ ला कलोन शहरात हे काम सुरू केलं. ज्या घरातून माणूस नेला, त्या घरासमोर त्याच्या नावाचा दगड. नाव, जन्मसाल, कुठं नेलं, काय झालं. ही वाकून बघत राहिली. म्हणाली, "आन् घरात आता कोन ऱ्हातं?" मुलगा म्हणाला, "राहतं की कुणीतरी. घर कधी रिकामं राहतंय होय?"

त्या संध्याकाळी ओमानं कुठं गेला होता म्हणून विचारलं. सूनबाईनं बायझिंगनचं नाव घेतलं. ओमा जरा वेळ बोलली नाही. चुलीत लाकूड सारलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट करून म्हणाली, "ते त्यांचं आहे."

सूनबाई वाक्या-वाक्यानं सांगत गेली. ओमाच्या वडिलांचा शेजारच्या गावच्या एका ज्यू व्यापाऱ्याशी गाईंचा व्यवहार होता. तो माणूस उधारीवर गाय द्यायचा. सौदा त्याच्या घरी टेबलाशी बसून व्हायचा आणि तिथं भिंतीवर हे घड्याळ होतं. ओमा लहानपणी बापाबरोबर गेली की त्या घरची बाई तिला बिस्किट द्यायची. १९४१ ची थंडी. ओमा सात वर्षांची. ती माणसं गेली. कुठं गेली हे मोठ्यांना पुरतं माहीत होतं की नव्हतं, तिला सांगता येत नाही. मोठी माणसं आवाज बारीक करून बोलत, एवढं आठवतं. मग त्यांच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला. गाव लोटला. कपाटं, गाद्या, किटल्या, आरसे. वडिलांनी घड्याळ आणलं. "मला फार आनंद झाला होता," ओमा म्हणाली. हे तिनं दोनदा सांगितलं.

पुढं मी मुलाकडून तारखा समजून घेतल्या. २५ नोव्हेंबर १९४१ ला हुकूम निघाला, की देशाबाहेर गेलेल्या ज्यूचं नागरिकत्व आणि मालमत्ता आपोआप सरकारजमा. नेणारं सरकारच, आणि 'बाहेर गेला' म्हणणारंही सरकारच. लगेच सहा दिवसांनी, १ डिसेंबरला, श्टुटगार्टहून पहिली गाडी हजारएक माणसं घेऊन रीगाकडं गेली. त्यांतली मोजकीच जिवंत परतली. मागं राहिलेलं सामान कर-कचेऱ्यांनी विकलं. लिलाव कायदेशीर, पावती कायदेशीर. बाडेनमधल्या ल्योराख गावातल्या १९४० च्या अशा लिलावाचे फोटोसुद्धा आहेत. गर्दीतली काही माणसं हसताना दिसतात. आपल्याला स्वस्तात चांगलं काही मिळालं की आपण हसतो तशीच.

"आईनं त्या घड्याळाला कधी चावी दिली नाही," ओमा सांगत होती. "वडील द्यायचे, रविवारी. ते गेल्यावर आईनं ते बंद पडू दिलं. माझं लग्न झालं, हे घर माझ्याकडं आलं, मग मी परत चालू केलं."

"का?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

ओमानं उत्तर द्यायला वेळ घेतला. "खोली फार शांत वाटायची." मग म्हणाली, "त्या घरचं कुणी परत आलं नाही. मी चौकशी केली होती. द्यायचं कुणाला?"

घड्याळ टिकटिकत होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, या खोलीला जो काही निवांतपणा आहे तो निम्मा या टिकटिकीचा आहे. ते खोटं नव्हतं. अजूनही खोटं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. ओमाचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. द्यायचं कुणाला? तिला ते म्हणता येत होतं. मला येत नव्हतं. कारण माझा झोपाळा कुणाचा, हे मला ठाऊक होतं, आणि ती माणसं जिवंत होती.

झोपाळा आमचा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात तो आमच्या घरी आला. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या आळीला शिंप्याचं घर होतं. त्या आजोबांनी मुंबईत मशीन चालवून पैसा केला होता आणि हौसेनं तो झोपाळा घडवून घेतला होता. सलग दोन-तीन सालं पाऊस गेला. कापड शिवणार कोण? सगळा गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर. रेशनला तांबडी मिलो, पोरांना सुकडी. आमच्या विहिरीला तळाशी थोडं पाणी टिकून होतं आणि कणगीत जोंधळा होता. माणसं भांडी घेऊन आबांकडं यायची. घागर, परात, तांब्या. आबा कुणाला नाही म्हणत नसत, हे मी अभिमानानं सांगत आलो आहे. पण भाव आबाच ठरवत.

झोपाळा आणायला मी आणि गडी गेलो. कड्या मी खांद्यावर घेतल्या होत्या. शिंप्याची आजी दारात उभी होती. रडली नाही, बोलली नाही. आम्ही पायरी उतरताना एवढंच म्हणाली, "हळू न्या रं. कोपरा ठेचल." त्या रात्री सोप्यात झोपाळा टांगला. आबांनी मला मांडीवर घेऊन पहिला झोका दिला. आणि मला फार आनंद झाला होता. ओमाचं वाक्य माझंच होतं, फक्त जर्मनमध्ये होतं.

पाचेक महिन्यांनी शिंप्याचं घर गाव सोडून इचलकरंजीला गेलं, मागावर कामाला.

इथं नीट बोललं पाहिजे. आबांनी कुणाला गाडीत घालून मारायला पाठवलं नाही. जोंधळा दिला तेव्हा त्या घरात चूल पेटली, हेही खरं. दुष्काळ आबांनी आणला नव्हता. त्या दोन गोष्टी एका तराजूत घालणं म्हणजे तिकडच्या मेलेल्यांचा अपमान आहे. मी त्या घालत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखी होती, आणि ती गुन्ह्याची नाही, सुखाची आहे. वस्तू घरात आली की ती ऊब द्यायला लागते. ती कुठून आली हे ऊब विचारत नाही. पहिल्या वर्षी आठवतं, पाचव्या वर्षी कधीमधी, आणि पुढच्या पिढीला तो 'आमचा झोपाळा' असतो. विसरण्यासाठी कुणाला कट करावा लागत नाही. नुसतं संध्याकाळी त्यावर बसलं की पुरतं.

मग निवांत बसणं हेच पाप म्हणायचं का? काही शहाणी माणसं तसं म्हणतात. मला ते पटत नाही. दिवसभर उन्हात खडी फोडून आलेल्या माणसाला कुणी सांगावं, की तुझा संध्याकाळचा विसावा संशयास्पद आहे? ओमानं बाकावर थाप मारून हिला जवळ बसवलं ते खोटं नव्हतं. आजी वाकळ पसरून बसायची तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते खोटं नव्हतं. माणसाला ते लागतं. भाकरीइतकंच लागतं.

सूनबाईला मी त्या शब्दाची फोड विचारली होती. गेम्यूट म्हणजे मन, अंतःकरण. त्याच्या पोटात मूट असा शब्द आहे. जुन्या भाषेत मूट म्हणजे मनाचा भाव, चित्त. आजच्या जर्मनमध्ये मूट म्हणजे धैर्य. मला ते बरं वाटलं. मास्तर माणसाला शब्दातून धडा काढायची खोड असते, तरी सांगतो. उबदार खोलीत बसायला धैर्य लागत नाही. पण त्या खोलीतल्या वस्तूंकडं बघून 'ही कुणाची' म्हणायला लागतं. ओमानं परक्या देशातल्या पाहुण्यांसमोर घड्याळाकडं बोट केलं. कुणी विचारलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर आमचा केक गोडच लागला असता.

डिसेंबरात परत आलो. हिच्याशी बोललो. ती म्हणाली, "मग आता काय, त्यावर बसायचं न्हाई का?" मी म्हणालो, "बसायचं. पण जाऊन येतो." जानेवारीत इचलकरंजीला गेलो. शिंप्याचा मुलगा, आम्ही त्याला तात्या म्हणायचो, सत्तरीला आलेला. दोन खोल्या, खाली मागांची खडखड. मी खिशात पाकीट नेलं होतं. आजच्या भावानं सागवानाची किंमत काढून.

तात्या म्हणाले, "या या गुरुजी." चहा झाला. मी झोपाळ्याचं काढलं. म्हणालो, "तुमचा आहे, घेऊन जा." ते हसले. "टांगू कुठं?" खरंच, छताला पंखा लावायची मारामार. मग मी पाकीट पुढं केलं. त्यांचा चेहरा बदलला. "पैशाचं काढू नका गुरुजी," म्हणाले. हान्सेमानचं ते वाक्य मला त्या खोलीत पुरतं कळलं. मी आयुष्यभराचा हिशेब पाच मिनिटांत मिटवून मोकळा व्हायला आलो होतो, आणि हे त्यांना दिसलं होतं. पाकीट मी परत खिशात घातलं.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आबांनी किती पायल्या दिल्या होत्या?"

"आबा चार म्हणायचे."

"आई दोन म्हणायची."

खालची खडखड चालू होती. दोघंही मेलेली. विचारायचं कुणाला? मी म्हणालो, "आई म्हणायची तेच खरं असंल." ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डावी कडी अजून वाजते का?"

"वाजते."

"वडील तीत तेल घालू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, करकर ऐकू आली की पोरांना कळतं बाप घरात हाय."

मला हे माहीत नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षं मी तो आवाज माझ्या बापाचा समजत होतो.

निघताना मी त्यांना चैत्रातल्या यात्रेला या म्हणालो. त्या चैत्रात टाळेबंदी आली, यात्रा झाली नाही. पुढच्या सालीही नाही. २०२२ ला ते आले, नातवाला घेऊन. सोप्यात आले, उभे राहिले. मी झोपाळ्यावरून उठलो. ते बसले. एक झोका घेतला, कडी वाजली. नातू शेजारी चढून बसला. ही चहा घेऊन आली तोवर कुणी काही बोललं नाही. मी खाली वाकळेवर बसलो होतो, आजी बसायची तिथं. ते गप्प राहणं अवघड वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. थोडं वाटलं. वाटलं तेच बरं.

आता घरात आम्ही त्याला 'शिंप्यांचा झोपाळा' म्हणतो. नातू सुट्टीला आला की विचारतो, "अण्णाआजोबा, शिंप्यांचा आहे तर आपल्याकडं का आहे?" मी त्याला सांगतो, सगळं, दोन पायल्या आणि चार पायल्यांसकट. गेल्या उन्हाळ्यात सुतार कामाला आला होता. म्हणाला, "गुरुजी, ही कडी लई करकरती, जरा तेल सोडू का?"

मी म्हणालो, "नको. राहू दे."